सह्याद्रीच्या घाटात डायनासोर संपल्याची रेषा बोट ठेवून दाखवता येईल का?

कातळखुणा
इटलीतल्या गुब्बिओला बोट ठेवून दाखवता येते: खाली क्रिटेशसचा, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडाचा चुनखडक, वर त्यानंतरच्या पॅलिओसीनचा, मध्ये सेंटिमीटरभर मातीचा थर. डेन्मार्कच्या स्टेव्हन्स क्लिंटलाही तसेच. आपल्याकडे तर नेमक्या त्याच काळात दख्खनच्या ज्वालामुखीने ओतलेला काळा दगड, बेसाल्ट, दोन-दोन किलोमीटर जाडीचा उभा आहे. मग कसारा, बोर, वरंध, आंबेनळी, यांपैकी कुठल्या घाटात ती ६.६ कोटी वर्षांपूर्वीची रेषा दिसते?

माझे मतही सांगून टाकतो. मेक्सिकोत आदळलेला लघुग्रह हे निमित्त. खरा मारेकरी आपल्या पायाखालचा काळा पाषाण. खोडून काढा.

टवाळ_टिटवी
रुमाल टाकून ठेवते. धागा शंभरी गाठणार.

घाटमाथा
आधी रेषेचे. लघुग्रहाची धूळ जगभर बसली खरी, पण विवरापासून सात हजार किलोमीटरच्या पलीकडे तिचा थर अवघा दोन-तीन मिलिमीटर. तो टिकायला शांत पाणी लागते. समुद्राचा तळ, तळे, दलदल. उघड्या, भेगाळलेल्या लाव्हावर पडलेली तीन मिलिमीटर धूळ पहिल्या पावसात गेली. लाव्हाच्या दोन थरांमध्ये माती तयार झालेली असेल तर ती मुळांनी, किड्यांनी, पाण्याने खालीवर कालवली गेली. म्हणून पश्चिम घाटाच्या कातळात गुब्बिओसारखी रेष सापडत नाही. त्या धुळीची खूण म्हणजे इरिडियम, पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ पण लघुग्रहांत मुबलक असलेला धातू. भारतात त्याचा चांगला थर मिळतो तो मेघालयात, खासी टेकड्यांतल्या उम सोह्रिंगक्यू नदीच्या काठी. तिथे तेव्हा समुद्र होता. कच्छमध्ये अंजारला लाव्हाच्या थरांमधल्या तळ्याच्या गाळात इरिडियम मिळाले, पण एक सोडून तीन थरांत. त्यावरून आजही वाद आहे.

नवखी_नीरजा
घाटात रस्त्याकडेला कातळात लाल पट्टे दिसतात ते मग काय? मला वाटायचे तीच ती रेषा.

घाटमाथा
नाही. ते रेड बोल. एक लाव्हा थंड झाला, त्याचा माथा झिजून माती झाली, कधी त्यात ज्वालामुखीची राखही पडली, मग वरून पुढचा लाव्हा आला आणि माती भाजली. कौलाचा रंग येतो तो त्यामुळे. जाडी वीतभरापासून मीटर-दोन मीटर. एका घाटात असे पट्टे डझनाने मिळतात. लाव्हाचा एकेक थर ओळखायचा तर खालून वर बघा: तळाशी जेमतेम फूटभर सच्छिद्र भाग, मधला घट्ट काळा पाषाण, वरचा तिसरा हिस्सा बुडबुड्यांच्या भोकांचा. भोकांत पांढरे झिओलाइट नाही तर गारगोटी भरलेली. त्यावर बोल असेल तर असेल. बोल नसेल तर दोन लाव्हांच्या मध्ये फारसा वेळ गेला नाही असे समजायचे. तेही जपून, कारण पुढचा लाव्हा माती खरवडून नेऊ शकतो.

झिरकॉनवाली
या बोलमध्येच सगळी गोम आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बेसाल्टचे वय काढणे किचकट आहे. युरेनियमचे किती शिसे झाले यावरून वय काढायच्या पद्धतीला झिरकॉन हे खनिज लागते आणि बेसाल्टमध्ये सिलिका कमी असल्याने ते जवळजवळ तयारच होत नाही. झिरकॉन मिळतो तो बोलमध्ये पडलेल्या राखेत. त्यासाठी बोलचा किलोवारी नमुना घ्यायचा, पाण्यात मळून चिकणमाती काढून टाकायची, उरलेला रेव चुंबकाखालून आणि मग जड द्रवातून काढायचा. झिरकॉनची घनता ४.६ च्या आसपास, तो तळाला बसतो. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा चिमट्याने वेचायचा. मग भट्टीत ९०० अंशांना दोन-तीन दिवस आणि पुढे हायड्रोफ्लुओरिक आम्लात, म्हणजे किरणोत्साराने पिचलेला भाग विरघळून जातो. त्याच भागातून शिसे गळालेले असते, तो ठेवला तर वय कमी भरते. एवढे करून कित्येक बोलमधून एकही कामाचा दाणा मिळत नाही.

मिळाला तरी तो लाव्हाच्या वयाचा नसतो! राख पडण्याआधी काही हजार वर्षे तो स्फटिक मॅग्मात तयार होऊन बसलेला असू शकतो, किंवा वाऱ्याने जुन्या खडकातून आलेला. म्हणून एका बोलमधले बरेच दाणे मोजून सगळ्यांत तरुण गट धरायचा. त्यातून येते राखेचे वय. लाव्हा त्याच्या वर आणि खाली.

आर्गॉन_आजोबा
झिरकॉनवाली ताईंनी एकच बाजू मांडली. खुद्द लाव्हाचे वय हवे असेल तर आर्गॉन. पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य १२५ कोटी वर्षे, त्यातून आर्गॉन-४० होतो. बेसाल्टमधले प्लॅजिओक्लेज या खनिजाचे स्फटिक निवडायचे, अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा करून पोटॅशियमच्या काही भागाचे आर्गॉन-३९ करायचे, मग लेसरने टप्प्याटप्प्याने तापवत प्रत्येक टप्प्याचा वायू मोजायचा. लागोपाठ टप्प्यांचे वय सारखे आले तर विश्वास ठेवायचा.

अडचण अशी की आपल्या प्लॅजिओक्लेजमध्ये पोटॅशियम अगदी नाममात्र. त्यामुळे चूक मोठी येते, एका नमुन्याला लाखाच्या घरात वर्षे. पावसापाण्याने स्फटिक सडला असेल तर आकडा भरकटलाच. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या साध्या पोटॅशियम-आर्गॉन मोजण्यांनी दख्खनचे वय ३ कोटीपासून ८ कोटीपर्यंत कुठेही नेऊन ठेवले होते, ते याचमुळे.

कातळखुणा
माहितीबद्दल आभार, पण माझ्या मुख्य मुद्द्याला कुणी हात लावला नाही. दहा लाख घन किलोमीटरच्या घरात लाव्हा! आज उरलेला भागच पाच लाख चौरस किलोमीटर व्यापतो. मूळ प्रवाह पार राजमहेंद्रीपर्यंत, हजार किलोमीटर गेले. एवढ्याने जग मरणार नाही तर कशाने?

गंधक_गणित
'किती' यापेक्षा 'किती वेळात' हे विचारा. हिशेब मांडतो.

आइसलँडचा लाकी, १७८३. आठ महिन्यांत सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा, सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड. देशातली निम्म्याहून जास्त जनावरे आणि पाचवा हिस्सा माणसे गेली. म्हणजे घन किलोमीटरला ८० लाख टन. दख्खनचा एकच मोठा प्रवाह १,००० घन किलोमीटरचा धरला तर लाकीच्या दराने ८०० कोटी टन. आपला लाव्हा तितका गंधकी नव्हता म्हणा, करा निम्मे. ४०० कोटी टन.

आता हा प्रवाह १० वर्षांत आला तर वर्षाला ४० कोटी टन. १९९१ चा पिनातुबो दीड-दोन कोटी टनांचा होता आणि त्याने जग अर्धा अंश थंड केले. म्हणजे दरवर्षी वीसेक पिनातुबो. पण तोच प्रवाह १,००० वर्षे संथ वाहिला तर वर्षाला ४० लाख टन, पिनातुबोच्या चौथाईही नाही. गंधकाचे थेंब वातावरणाच्या वरच्या थरात एक-दोन वर्षांच्या वर टिकत नाहीत, त्यामुळे साठत नाहीत. लाव्हा तोच, दगड तोच, घाटात दिसणारी जाडी तीच. एकात दुष्काळ, दुसऱ्यात काहीच नाही. आणि १० वर्षे की १,००० हे ना झिरकॉन सांगतो ना आर्गॉन.

कार्बन डायऑक्साइडचे उलटे. तो साठतो, पण तापवतो हळूहळू. समुद्राच्या गाळातल्या नोंदींत सीमेच्या, म्हणजे त्या ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या रेषेच्या, दोनेक लाख वर्षे आधी सुमारे दोन अंशांची उबदारी दिसते आणि धडकेच्या आधीच ती ओसरलेलीही दिसते. तुमच्या मारेकऱ्याने घाव घातला, रोगी बरा झाला, आणि मग मेला.

टवाळ_टिटवी
म्हणजे सह्याद्रीला जामीन?

शिंपलेवाला
थांबा, जामीन देण्याआधी जीवाश्म बघा. 'हळूहळू मरत होते' हे कातळखुणांसारख्यांचे आवडते वाक्य, आणि त्यामागे बरेचदा मोजणीचा भ्रम असतो. अमोनाइट म्हणजे गुंडाळलेल्या शिंपल्याचे, आता नामशेष झालेले समुद्री जीव. त्यांतला एखादा सरासरी दर दोन मीटर खडकात एकदा सापडतो. सगळे अमोनाइट एका दिवसात मेले तरी त्याचा शेवटचा सापडलेला शिंपला सीमेच्या दोनेक मीटर खाली असणार. जो दर दहा सेंटिमीटरला मिळतो तो सीमेपर्यंत येणार. कागदावर मांडले की वाटते, दुर्मीळ आधी गेले, नेहमीचे नंतर. सिग्नर आणि लिप्स यांनी १९८२ मध्ये हे दाखवले. उपाय एकच: त्या शेवटच्या दोन मीटरांत जीव तोडून शोधायचे. युरोपात तसे शोधल्यावर अमोनाइट सीमेच्या अगदी जवळ आले.

समुद्रात तरंगणाऱ्या फोरामिनिफेरांना, म्हणजे कवचवाल्या एकपेशीय जीवांना, हा भ्रम लागू नाही, कारण चमचाभर गाळात त्यांची शेकडो कवचे. त्यांच्या ९० टक्क्यांहून जास्त प्रजाती सीमेवर कापल्यासारख्या थांबतात. नेदरलँड्सच्या गाळातल्या कवचांच्या बोरॉनवरून समुद्राच्या वरच्या थराचा पीएच धडकेनंतर भूगर्भीय हिशेबाने एका क्षणात पाव अंकाने घसरलेला दिसतो. दख्खनच्या आधीच्या काळात अशी घसरण दिसत नाही.

कातळखुणा
मेलेले कोण आणि वाचलेले कोण, यावरूनही काही ठरते ना? मगरी वाचल्या, कासवे वाचली.

शिंपलेवाला
ठरते. जमिनीवर २५ किलोच्या वरचे जवळजवळ कुणी उरले नाही, मगरींसारखे अपवाद सोडले तर. नदी-तळ्यांतले जीव समुद्रातल्यांपेक्षा बरे तरले, कारण तिथली साखळी बरीचशी कुजलेल्या पाल्यापाचोळ्यावर चालते. उजेड गेला तरी पाचोळा काही काळ पुरतो. समुद्राच्या पृष्ठभागावर तसे कोठार नाही, तिथे रोजचे प्रकाशसंश्लेषण हाच रोजचा शिधा. हा नमुना काही महिने ते काही वर्षांच्या अंधाराशी जुळतो. लाखभर वर्षांच्या मंद गरमीशी नाही.

आपल्याकडचा पुरावा: वरळीच्या लाव्हांमधल्या गाळातले बेडूक. इंडोबॅट्रॅकस. तो गाळ सीमेनंतरचा, पॅलिओसीनचा. मुंबई ज्वालामुखीच्या टापूत होती तरी डबक्यात बेडूक नांदत होते.

गारगोटी
अवांतर: चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथे डायनासोरची वाळलेली विष्ठा दगड होऊन मिळते. २००५ मध्ये तिच्यात गवताच्या सिलिकाकणांचा शोध लागला. तोवर डायनासोरच्या काळात गवत नव्हतेच असे मानत. शेणातून इतिहास बदलला तो आपल्या विदर्भात.

टवाळ_टिटवी
गवत खाऊन मेले म्हणायचे का मग? 😄

उल्कापात
लोणार विसरलात सगळे. आणि मुंबईजवळ समुद्रात पाचशे किलोमीटरचे विवर आहे, 'शिवा' नावाचे, तेही त्याच काळातले. मेक्सिकोत धडक बसली, पृथ्वीच्या बरोबर विरुद्ध बाजूला दख्खन फुटले. सगळे जुळते.

घाटमाथा
काही जुळत नाही.
लोणार सुमारे १.८ किलोमीटरचे आणि साधारण पावणेसहा लाख वर्षांपूर्वीचे. लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे झाल्यावर त्या थिजलेल्या दगडात पडलेले भोक. शिवा ही शंकर चॅटर्जी यांची कल्पना. पण तिथून धडकेचा थेट पुरावा, म्हणजे दाबाने रेषा उमटलेला क्वार्ट्झ किंवा वितळलेला खडक, मिळालेला नाही, आणि बहुतेक भूशास्त्रज्ञ तिला विवर मानत नाहीत.
'विरुद्ध बाजू' तर भूगोलातच बसत नाही. तेव्हाच्या नकाशावर दोघांमधले अंतर १३० अंशांच्या आसपास, १८० नाही. शिवाय लाव्हा धडकेच्या आधीच सुरू झाला होता.

आर्गॉन_आजोबा
पण धडकेने चालू असलेल्या ज्वालामुखीला ढोसले असेल, ही कल्पना इतकी टाकाऊ नाही. २०१५ मध्ये बर्कलीच्या गटाने ती मांडली: ११ रिश्टरच्या घरातला हादरा, त्याने लाव्हाच्या वाटा मोकळ्या झाल्या. अनेक लाव्हांच्या गठ्ठ्याला ठिकाणाचे नाव देऊन थर म्हणतात. त्यांतल्या खंडाळा, बुशे या खालच्या थरांपेक्षा वरचे वाई उपगटातले (पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर) प्रवाह मोठे आणि लांब पसरलेले आहेत, हे खरेच. उलट्या बाजूची गरज नाही, हादरा पुरतो.

झिरकॉनवाली
पुरतो, पण धडक आधी बसली असेल तर! आणि नेमके तिथेच घोडे अडले आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत एकाच जर्नलच्या एकाच अंकात दोन निबंध आले. झिरकॉनवाल्यांच्या मते दख्खन चार उमाळ्यांत आले आणि पोलादपूर थराचा मोठा उमाळा धडकेच्या काही दहा हजार वर्षे आधी सुरू झाला. आर्गॉनवाल्यांच्या मते लाव्हा सलग येत राहिला आणि सीमा पडते बुशे-पोलादपूर यांच्या सांध्याजवळ, म्हणजे पोलादपूरपासून वरचे सगळे, एकूण लाव्हाच्या सुमारे तीन-चतुर्थांश, धडकेनंतरचे. घाट तेच, थर तेच. प्रश्न एवढाच की पोलादपूर रेषेच्या खाली की वर.

कातळखुणा
आता कुठे माझ्या प्रश्नाजवळ आलात! मग हे थर घाटात डोळ्यांनी ओळखता येतात का?

घाटमाथा
डोळ्यांनी नाही, ही खरी पंचाईत. काळा तो काळाच. खालच्या कळसूबाई उपगटात निदान बोटाएवढे पांढरे प्लॅजिओक्लेज असलेले थर खुणेला मिळतात. वर रसायनावर भिस्त. बुशेचा लाव्हा वर येताना जुन्या ग्रॅनाइटी कवचात कालवला गेला, म्हणून त्यात टायटॅनियम कमी आणि स्ट्रॉन्शियम-८७ व ८६ यांचे गुणोत्तर ०.७१३ च्या वर. आंबेनळी जवळजवळ निर्भेळ, ०.७०४ च्या आसपास. पोलादपूर या दोघांच्या मधला. नमुना नेहमी थराच्या मधल्या घट्ट भागातला, भोकांशिवायचा घ्यायचा. झिओलाइट आत आले की आकडे बिघडतात.

दुसरी खूण चुंबकाची. लाव्हा थिजताना त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतो. सीमा ज्या उलट्या कालखंडात येते त्याला २९-आर म्हणतात. त्याचा वरचा शेवट महाबळेश्वर थरात सापडतो, धडकेनंतर सुमारे तीन लाख वर्षांनी. म्हणजे रेषा त्याच्या खाली, एवढे पक्के. एक सावधगिरी: डोंगराच्या शेंड्यावरचा दगड नको. वीज पडून त्याचे चुंबकत्व बदललेले असते.

गोंडवन
सगळे दख्खनवरच बोलताय, म्हणून मोठ्या भावाचे सांगतो. २५.१९ कोटी वर्षांपूर्वीचा, पर्मियन कालखंडाच्या अखेरचा महासंहार. सागरी प्रजातींपैकी ८० टक्क्यांहून जास्त गेल्या. तिथे लघुग्रहाचा विश्वासार्ह पुरावा नाही, सायबेरियाचा लाव्हा एकटाच आरोपी. मग सायबेरियाने मारले आणि दख्खनने नाही, असे का?

सायबेरियात बराच मॅग्मा जमिनीवर आलाच नाही. तो तुंगुस्का खोऱ्याच्या गाळात आडवा शिरला आणि त्या गाळात कोळसा, तेल आणि मिठाचे जाड थर होते. कोळसा भाजला, कार्बन निघाला. मीठ भाजले, ओझोन खाणारी क्लोरीनची संयुगे निघाली. चीनमधल्या मेइशानच्या राखेच्या वयांवरून तिथला मुख्य संहार सुमारे ६० हजार वर्षांत उरकला. विषुववृत्ताजवळचा समुद्र पुढे ४० अंशांच्या घरात तापला. दख्खनखाली बहुतेक ठिकाणी ग्रॅनाइट आणि नाइस हे कठीण खडक. भट्टी तशीच, पण सरपण नाही.

महाराष्ट्रातला पुरावा हवा तर वर्धा खोऱ्यातला कोळसा. तो पर्मियनचा, ग्लॉसोप्टेरिस या लुप्त झाडांच्या जंगलांचा. ती जंगले गेली आणि पुढची सुमारे एक कोटी वर्षे जगात कुठेही कोळसा तयार झाला नाही. दलदलीत साचायला झाडेच नव्हती.

नवखी_नीरजा
मग आत्ताचे? पाच महासंहारांनंतरचा 'सहावा' म्हणतात ते?

गंधक_गणित
प्रजातींच्या टक्केवारीत अजून त्या पाचांच्या जवळपासही नाही. पण वर दराचा हिशेब मांडला तोच लावा: आज माणूस वर्षाला सुमारे १,००० कोटी टन कार्बन हवेत सोडतो. सायबेरियाचे अंदाज त्याच्या निम्म्याच्याही खालचे येतात. फक्त तो हजारो वर्षे चालू राहिला. बाकी चर्चेला वेगळा धागा काढा, इथे मारामारी होईल.

इरिडियम_काका
उशिरा आलो. कातळखुणा, घाटातल्या बोलमध्ये इरिडियम शोधायचा विचार असेल तर दोन सूचना. एक, बोलचा नमुना सलग उभा घ्या, दर सेंटिमीटरला वेगळी पिशवी, खालून वर. वरून खाली घेतलात तर भुगा खालच्या नमुन्यात पडतो. दोन, हातातल्या अंगठ्या काढा. प्लॅटिनमला कडक करायला इरिडियम घालतात आणि इथे मोजणी अब्जांश भागांत चालते. गुब्बिओच्या मातीत आजूबाजूच्या तीसपट, स्टेव्हन्स क्लिंटला १६० पट मिळाले ते असल्याच बारीक मोजणीतून. अंगठी नुसती घासली तरी तुमच्या घाटात स्टेव्हन्स क्लिंट उगवेल.

आणि इरिडियमपेक्षा दाबाच्या रेषा असलेला क्वार्ट्झ शोधा. बेसाल्टमध्ये मूळचा क्वार्ट्झ नसतोच. गारगोटी नंतर भोकांत भरलेली, तिच्यावर तशा रेषा नसणार. एक दाणा मिळाला तरी तो बाहेरचाच.

कातळखुणा
बरे. 'निमित्त' हा शब्द मागे घेतो, 'खरा मारेकरी' अजून नाही. पोलादपूरचे आधी ठरू द्या. तोवर कुठला घाट बघावा, एवढे सांगा.

घाटमाथा
आंबेनळी. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढताना खालून वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर हे थर ओळीने लागतात, साधारण ३७५, ५०० आणि २८० मीटर जाडीचे, आणि माथ्यावर जांभा. झिरकॉनवाल्यांची रेषा या चढात कुठेतरी, आर्गॉनवाल्यांची पार पायथ्याला. डिसेंबर-जानेवारीत जा. पावसाळ्यात दरडी आणि शेवाळ, बोल दिसतही नाहीत. वळणावर गाडी लावू नका.

टवाळ_टिटवी
आणि अंगठी काढून जा.